वडिलांची टॅली आणि कॉलेजचं लिनक्स, दोन्ही एकाच लॅपटॉपवर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरात लॅपटॉप एकच: ५१२ जीबीची एसएसडी, ८ जीबी रॅम, विंडोज ११, आणि सगळं एकाच सी ड्राइव्हमध्ये. वडिलांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, त्याची टॅली आणि जीएसटीचं काम याच मशीनवर चालतं. तुम्हाला ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलसाठी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) हवंय. मित्र म्हणतोय, गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत बसू, पेनड्राइव्ह लावला की अर्ध्या तासात काम होतं. तुम्ही विचारलंय की पार्टिशन (डिस्कचे वेगळे भाग) किती करायची, किती-किती जीबीची करायची, आणि यात डेटा जाईल का.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चार ओळींची आहेत, ती पुढे देतो. तिसरा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचा पार्टिशनशी संबंध तुम्हाला वाटतो तेवढा नाही. सोलापुरात माझं कामच हार्डवेअर दुरुस्तीचं. "ड्युअल बूट (एकाच मशीनवर दोन सिस्टिम) करायला गेलो आणि सगळं उडालं" असं सांगत जी मशीन टेबलावर येतात, त्यांत पार्टिशन करणारं सॉफ्टवेअर चुकलंय असं क्वचितच निघतं. डिस्कला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, हे जास्त वेळा निघतं. किंवा इन्स्टॉलरनं एक प्रश्न विचारला आणि तो न वाचता 'नेक्स्ट' दाबलं गेलं. दोन्हीकडे डेटाची दुसरी प्रत नसतेच.

त्याआधी एक विचारतो. वेगळं लिनक्स खरंच लागणार आहे का? तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये शेल स्क्रिप्ट, फोर्क, पाइप, शेड्युलिंगचे सी प्रोग्रॅम एवढंच असेल, तर विंडोजच्या आत चालणारं डब्ल्यूएसएल पुरतं. मायक्रोसॉफ्टचीच सोय आहे, फुकट आहे, आणि डिस्कला हात लावावा लागत नाही. मी तरी एक सेमिस्टर त्याच्यावर काढलं असतं. पण हार्डवेअरशी थेट बोलायचं असेल, ड्रायव्हर लिहायचे असतील, किंवा लिनक्स रोजचं म्हणून वापरून बघायचं असेल (ही हौस मला पूर्ण मान्य आहे), तर मग वेगळी जागा द्यायला हवी. व्हर्च्युअल मशीनचा (विंडोजच्या आत दुसरा नकली संगणक चालवण्याचा) मार्गही आहे, पण ८ जीबी रॅममध्ये दोन्हीकडे कुचंबणा होते.

समजा ठरलं. तर पहिलं काम टॅलीच्या डेटाची प्रत. ती टॅलीतून रीतसर बॅकअप घेऊन एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या जागी, म्हणजे वडिलांच्या अकाउंटंटकडे किंवा गूगल ड्राइव्हवर. नंतर ती दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर रिस्टोअर करून टॅलीतली कंपनी उघडून बघायची. ताळेबंद दिसला की तो बॅकअप झाला, तोपर्यंत ती नुसती फाइल. यावर मी इतका अडून का बसतो, त्याचं कारण एसएसडी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर चुकून फॉरमॅट झालं तर बरंच काही परत काढता यायचं, कारण वर नवीन लिहिलं जाईपर्यंत खालचं जागेवर असायचं. एसएसडीत तसं नाही. उबुंटूनं नवीन पार्टिशन फॉरमॅट करताना डिस्कला "ही जागा आता रिकामी समज" असा निरोप जातो, आणि एसएसडीतला कंट्रोलर तो मजकूर काही वेळातच सोडून देतो. रिकव्हरीवाल्याकडे कितीही पैसे घेऊन गेलात तरी हाती फारसं लागत नाही.

आता कुलपाचं. विंडोज ११ चे बरेच लॅपटॉप सुरुवातीच्या सेटअपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करतात. याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, प्रो एडिशनमध्ये त्याचंच मोठं रूप बिटलॉकरही असतं. २४एच२ आवृत्तीपासून तर आणखी जास्त मशीनवर हे आपसूक चालू होतं. मालकाला पत्ताच नसतो, कारण रोजच्या वापरात काही फरक दिसत नाही. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) काहीतरी बदललं, सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअरची सही तपासणारी सोय) बंद केलं, सुरू होण्याची साखळी बदलली, की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलपाची किल्ली, मागतो. ती की त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते ज्यानं पहिल्यांदा साइन इन झालं होतं.

इथंच आपल्याकडची गोम आहे. लॅपटॉप घेताना दुकानातला मुलगा "करून देतो काका" म्हणत पाच मिनिटांत सेटअप उरकतो. त्यासाठी कुठला ईमेल टाकला? कधी दुकानाचा, कधी तिथल्या तिथं बनवलेला, पासवर्डसकट विसरलेला. अशा वेळी की मिळवायची कुठून? म्हणून आजच बघा. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आहे का आणि चालू आहे का. 'धिस पीसी'मध्ये सी ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप दिसतं का. असेल, तर ज्या अकाउंटनं सेटअप झाला त्यात जाऊन की काढा आणि कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपवर फाइल करून ठेवू नका, ती कुलपाच्या आतच राहील. नंतर एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत चार्जर लावून मशीन तसंच राहू द्या. उबुंटू २४.०४ चा इन्स्टॉलरही एन्क्रिप्ट केलेल्या विंडोजशेजारी बसायला नकार देतो आणि आधी ते बंद करून या म्हणतो. त्याचा हा हट्ट योग्यच आहे.

दुसरी लपलेली गोष्ट 'फास्ट स्टार्टअप'. विंडोज शटडाउन केलं असं आपल्याला वाटतं, पण ते अर्धं झोपलेलं असतं. कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) अवस्था डिस्कवर लिहून ठेवलेली असते आणि सी ड्राइव्हची फाइलसिस्टिम उघडीच समजली जाते. अशा वेळी लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिलं, तर जागं झालेल्या विंडोजला वेगळीच डिस्क दिसते, आणि फायली खराब होतात. लिनक्स सहसा असा ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतो किंवा उघडतच नाही, मग पोरं इंटरनेटवर शोधून जबरदस्तीनं उघडायची कमांड मारतात. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिकच काढून टाका. मशीन सुरू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतील. याच कारणासाठी एक सिस्टिम हायबरनेट करून दुसरीत जायचं नाही, कधीच.

आता प्रत्यक्ष जागा. माझा एक नियम ठाम आहे: विंडोजचं पार्टिशन विंडोजनंच लहान करायचं. लिनक्सच्या पेनड्राइव्हमधली साधनंही हे करतात आणि बऱ्याचदा नीट करतात, पण एनटीएफएसच्या (विंडोजच्या फायली मांडण्याच्या पद्धतीच्या) आत काय कुठं आहे हे विंडोजला जास्त कळतं. शिवाय काही बिघडलं तर विंडोजची स्वतःची तपासणी लगेच चालवता येते.

स्टार्ट बटणावर उजवं क्लिक, 'डिस्क मॅनेजमेंट'. तिथं तुम्हाला वाटतं तसा एक सी ड्राइव्ह दिसणार नाही. डावीकडे १०० एमबीच्या आसपासचं छोटं ईएफआय (मशीन सुरू करणाऱ्या फायलींचं) पार्टिशन दिसेल (काही कंपन्या २६० एमबीचं देतात), मध्ये सी, आणि शेवटी रिकव्हरीचं. एकूण जागा ५१२ ऐवजी ४७६ जीबीच्या आसपास दिसेल. घाबरू नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. सीवर उजवं क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. थोडा वेळ विचार करून एक खिडकी येते, तिच्यात किती कमी करायचं तो आकडा टाकायचा असतो, आणि तो एमबीमध्ये. १०० जीबी हवे असतील तर १०२४०० टाकायचं. नुसतं १०० टाकून "जागा झालीच नाही" म्हणणारे बरेच भेटतात. खरं तर १०० एमबीची एक बारीकशी काळी पट्टी तयार झालेली असते.

कधी कधी सीमध्ये २०० जीबी रिकामे असूनही श्रिंक फक्त १० जीबीच द्यायला तयार होतो. याचं कारण पार्टिशनच्या शेवटाकडे न हलणाऱ्या फायली बसलेल्या असतात: हायबरनेशनची फाइल, पेज फाइल (रॅम कमी पडली की वापरायची), सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी. हायबरनेट, पेज फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करा, मशीन रीस्टार्ट करा आणि पुन्हा श्रिंक करून बघा. काम झालं की पेज फाइल आणि प्रोटेक्शन परत चालू करायचं. एवढं करूनही जागा सुटत नसेल तर तिथंच थांबा. फुकट मिळणारी पार्टिशनची सॉफ्टवेअरं या वेळी मोहात पाडतात, पण दुसरी प्रत तपासलेली नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. विशेषतः पार्टिशनची सुरुवात सरकवणाऱ्या कामात सगळा मजकूर उचलून दुसरीकडे लिहिला जातो, त्याला तास लागू शकतात, आणि मध्येच वीज गेली की अर्धा मजकूर इकडे आणि अर्धा तिकडे. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल आणि तो चार्जरवरच चालत असेल, तर त्याला डेस्कटॉपच समजा आणि इन्व्हर्टरवर लावा.

सुटलेली जागा तशीच काळी, 'अनअलोकेटेड' राहू द्या. तिथं नवीन ड्राइव्ह बनवून डी असं नाव द्यायचं नाही. लिनक्सला डी ड्राइव्ह नको असतो, मोकळी जागा हवी असते.

किती द्यायचं? तुमच्या वापराला लिनक्ससाठी १०० जीबी भरपूर. उबुंटू २५ जीबीत बसतं, पण डॉकर, कंपायलर, एखादा मोठा प्रोजेक्ट आला की २५ जीबी दोन महिन्यांत भरतात. या १०० जीबीचं एकच पार्टिशन करा, प्रकार ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टिम), माउंट पॉइंट रूट, म्हणजे '/'. होमसाठी (स्वतःच्या फायलींसाठी) वेगळं पार्टिशन करावं असं जुन्या लेखांत सापडेल. दर वर्षी नवी डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलणाऱ्याला त्याचा उपयोग, नवख्याला त्यातली एक बाजू भरून दुसरी रिकामी राहण्याचा त्रासच जास्त. स्वॅपसाठीही (रॅम भरली की डिस्कवर लागणाऱ्या जागेसाठी) वेगळी जागा नको, उबुंटू बऱ्याच वर्षांपासून स्वॅप फाइल वापरतं.

दोन्हीकडून वापरता येईल असं सामायिक पार्टिशन हवं का, हे परिस्थितीवर आहे. नोट्स आणि असाइनमेंट दोन्हीकडे लागत असतील तर ४०-५० जीबीचं एक एनटीएफएस पार्टिशन विंडोजमधूनच बनवा. एक्सफॅटही चालतं, पण त्यात जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नसतं, लिहिता लिहिता वीज गेली की ते जास्त बिघडतं. टॅलीचा डेटा मात्र या सामायिक जागेत ठेवायचा नाही. लिनक्समधून सी ड्राइव्ह दिसेल, त्यातून फाइल कॉपी करून घ्या, पण तिथं काही सेव्ह करू नका.

इन्स्टॉलेशनच्या आधी एकदा स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड' समोर 'यूईएफआय' (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलंय ना ते बघा. विंडोज ११ सोबत आलेल्या लॅपटॉपवर असणारच. पेनड्राइव्हही त्याच मोडमध्ये सुरू करायचा. मोड वेगवेगळे झाले तर दोन्ही सिस्टिम एका मेनूत कधीच येत नाहीत.

आणि आता तो प्रश्न, ज्यावर 'नेक्स्ट' दाबल्यानं घात होतो. 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल उबुंटू' हा पर्याय म्हणजे विंडोजसकट सगळी डिस्क. "इरेज म्हणजे रिकामी जागा असेल" अशी समजूत करून घेऊ नका. 'इन्स्टॉल अलाँगसाइड विंडोज' हा पर्याय दिसला तर तो निवडा, आपण ठेवलेली मोकळी जागा तो स्वतः घेतो. स्वतःच्या हातानं करायचं असेल तर मॅन्युअल निवडून त्या मोकळ्या जागेतच नवीन पार्टिशन बनवा. ईएफआयचं छोटं पार्टिशन मात्र दोन्ही सिस्टिमचं सामायिक असतं. वाड्याची वाटणी झाली तरी दिंडी दरवाजा एकच राहतो, तसं. ते वापरायचं, फॉरमॅट करायचं नाही. त्याच्यासमोरच्या फॉरमॅटच्या चौकटीत टिक पडली की विंडोजचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) पुसला जातो. डेटा आत शाबूत असतो, पण विंडोज सुरूच होत नाही, आणि घरात त्या संध्याकाळी काय वातावरण असतं ते मी सांगायला नको. उबुंटू किंवा मिंटला १०० एमबीचं ईएफआय पुरतं. पॉप ओएससारख्या काही डिस्ट्रो आपलं कर्नलच तिथं ठेवतात, त्यांना ते कमी पडतं. पहिल्यांदाच करताय, तर उबुंटू २४.०४ नाहीतर मिंट घ्या.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर घाबरून काही दाबत सुटू नका. इंटेलच्या काही मशीनवर बायोसमध्ये स्टोरेज आरएसटी किंवा व्हीएमडी (इंटेलच्या डिस्क हाताळण्याच्या पद्धती) मोडवर असतं. ते एएचसीआयवर, म्हणजे साध्या पद्धतीवर, आणायला लागतं, पण थेट बदललं तर विंडोज निळा पडदा दाखवतं. विंडोजला आधी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला लावून, मग बदल करून, एकदा सेफ मोडमध्ये उघडून परत नेहमीच्या मोडवर आणायचं असतं. हे जमेल असं वाटत नसेल तर जाणकाराला शेजारी बसवा.

सगळं झाल्यावर दोन गोष्टींनी गोंधळ होतो. एक, विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, फरक बरोबर आपल्या भारतीय वेळेइतका. बॅटरीचा सेल गेला म्हणून तो बदलायला येतात लोक. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एक ओळीची कमांड आहे, टाइमडेटसीटीएल, पुढे सेट-लोकल-आरटीसी १. दुसरी, विंडोज अपडेटनंतर कधी थेट विंडोजच सुरू होतं, किंवा लिनक्स रुसतं. १३ ऑगस्ट २०२४ च्या मायक्रोसॉफ्टच्या अपडेटनं जगभर अनेकांचं लिनक्स सिक्युअर बूटच्या तपासणीत अडकवलं होतं. अशा वेळी कोणाचाच डेटा गेलेला नसतो. एफ१२, एफ९ किंवा एस्केप, तुमच्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबून बूट मेनू उघडा आणि हवी ती सिस्टिम निवडा. एन्क्रिप्शन परत चालू करणार असाल तर विंडोज ग्रबमधून (लिनक्सच्या सुरुवातीच्या मेनूतून) उघडण्यापेक्षा याच मेनूतून उघडत जा, नाहीतर रिकव्हरी की पुन्हा पुन्हा मागितली जाऊ शकते.

घरी जुना डेस्कटॉप असणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगतो, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून तेही विचारायला लागलेत. तिथं डिस्क बहुधा एमबीआर पद्धतीची (पार्टिशनची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत) असते, आणि त्यात प्रायमरी पार्टिशन चारच होतात. सिस्टम रिझर्व्हड, सी, डी, ई असे चार आधीच असतील आणि तुम्ही पाचवं करायला गेलात, तर विंडोज "डिस्क डायनॅमिक करू का" असं विचारतं. तिथं 'नो'. डायनॅमिक केलेल्या डिस्कवर लिनक्स बसवणं नसती आफत होते. ई रिकामा करून काढून टाका आणि ती जागा लिनक्सला द्या.

तुमच्या बाबतीत मला विचाराल तर मी यातलं काहीच करणार नाही. आधी लॅपटॉपमध्ये एसएसडीसाठी दुसरा स्लॉट आहे का ते मॉडेल नंबरवरून बघेन. असेल, तर त्याला चालेल अशी छोटी एसएसडी घेऊन लिनक्स पूर्णपणे तिच्यावर टाकेन. बसवताना विंडोजची एसएसडी काढून ठेवायची, म्हणजे चुकीचं बटण दाबायला ती तिथं नसतेच. हे थोडं जाचक वाटेल, पण उबुंटूचा इन्स्टॉलर दुसऱ्या डिस्कवर बसवतानाही बूटलोडर बऱ्याचदा पहिल्याच डिस्कच्या ईएफआयमध्ये टाकतो, म्हणून काढलेली बरी. स्लॉट नसेल तर यूएसबीची बाहेरची एसएसडीही चालते. सी ड्राइव्ह श्रिंक करायचा तो यानंतरचा पर्याय.

आणि गड्ड्याच्या सुट्टीचा मुहूर्त टाळा. मासिक रिटर्न भरणाऱ्याचं जीएसटीआर-१ (विक्रीची माहिती) ११ तारखेला आणि ३बी (कर भरण्याचं रिटर्न) २० तारखेला असतं, आणि यात्रा बरोबर या दोन्हींच्या मध्ये येते. मशीन दोन दिवस अडकलं तर वडिलांना लेट फी आणि व्याज. २१ नंतरचा एखादा दिवस घ्या, सकाळी सुरू करा, म्हणजे अडलं तर दुकानं उघडी असतात.

उद्या लिनक्स काढून टाकायचं झालं तर क्रम लक्षात ठेवा. आधी बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणा, विंडोज सुरू होतंय हे बघा, आणि त्यानंतरच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन काढा. आधीच काढलंत तर पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर नुसतं ग्रब लिहिलेलं येईल. तरी विंडोज जागेवरच असतं, बूट मेनूतून उघडतं.

डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीचा एक फोटो आणि लॅपटॉपचा मॉडेल नंबर पाठवा. सिरियल नंबर झाका. एन्क्रिप्शन चालू आहे की बंद तेही सांगा, मग श्रिंकच्या चौकटीत नेमका कोणता आकडा टाकायचा ते सांगतो.